आतली कडी

"आडवं करा, आडवं," म्हणत टेम्पोवाल्याने दाराचं एक टोक धरलं आणि दुसरं थोरलीने. पत्रा ठोकलेलं, अर्धं कोळसा झालेलं ते दार चौकटीच्या तुकड्यासकट दोघांनी न्यायालयाच्या फाटकाशी उतरवलं. फाटकावरचा शिपाई खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"हे आत नाही जाणार."

"पुरावा आहे."

"असेल. पण फर्निचर न्यायला परवानगी लागते."

आतून आलेल्या तिच्या वकीलबाईंनी त्याच्याशी हुज्जत घातली, मग दाराचे फोटो काढून थोरलीला खिडकीपाशी नेलं. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"वरच्या कोर्टानेही शिक्षा कायम केलीय. प्रकरण संपलं. बंद नोंदीत नवी वस्तू कशी घेऊ?"

"मग नोंद उघडा."

"त्याला आदेश लागतो."

"आदेश कधी मिळेल?"

"पुरावा दाखल झाल्यावर." त्याने अर्ज परत सरकवला. "आणि बाई, इतकी वर्षं काय करत होता? तेव्हाच आणायचं ना."

"तेव्हा याच्यावर भिंत होती," थोरली म्हणाली.

ते खरंच होतं. तिचा धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. कारखान्याला आग लागली, रखवालदार आत होरपळून गेला. मागच्या दाराला बाहेरून कडी घातलेली आपण डोळ्यांनी पाहिली, अशी साक्ष मालकाने दिली. त्या दुपारी धाकट्याचं रखवालदाराशी वाजलं होतं. कडी त्यानेच घातली, असं ठरलं आणि जन्मठेप झाली. आगीत मागची भिंत दारावर कोसळली होती. ती उचलून पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही. आता जागा विकली गेली, कंत्राटदाराने राडारोडा उपसला, तेव्हा खालून हे दार निघालं. आतली कडी चौकटीत घट्ट बसून गंजलेली होती. बाहेरची मोकळी लोंबत होती.

त्या दिवशी दार कुणीच ठेवून घेतलं नाही. पोलीस चौकीतही जागा नव्हती. शेवटी टेम्पोवाला वैतागला आणि दार थोरलीच्या घरी, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून गेला.

आई खुर्चीत पेपर वाचत होती. तिची सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, एवढंच तिने आयुष्यभर शिकवलं होतं. साक्षीला बोलावलं तेव्हाही तिने तेच केलं. मुलगा उशिरा घरी आला, मोरीत बराच वेळ हात धूत होता, असं तिने सांगितलं. निकालानंतर ती एकदाही त्याला भेटायला गेली नव्हती. कोर्टाने इतका विचार करून ठरवलं, म्हणजे काहीतरी असणारच, असं म्हणायची. थोरलीने तिच्याशी वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

"हे काय?" आईने विचारलं.

थोरलीने सांगितलं. आईने चष्मा पुसला, पेपरची घडी घातली, पण जागची उठली नाही. दुसऱ्या दिवशी थोरली कामावरून आली तेव्हा दारावर जुनी चादर टाकलेली होती.

"झाकलंस कशाला?"

"धूळ बसते."

थोरलीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. चप्पल काढताना तिने ते गिळलं. दिवसभर खिडक्यांशी भांडायचं आणि घरी येऊन चादरीशी.

मग वकीलबाईंच्या मागे धावाधाव. एक साहेब म्हणाले, फोटो चालतील. दुसरे म्हणाले, मूळ वस्तूच हवी. तिसऱ्यांची बदली झाली. शेवटी वकीलबाईंचा फोन आला. अर्ज ऐकून घ्यायला कोर्ट तयार झालं होतं, सुट्टीनंतर. दार तपासणीसाठी न्यायला पोलीस येणार होते. "सुटला असं धरू नका," वकीलबाई म्हणाल्या. "फक्त ऐकणार आहेत."

पोलीस आले तेव्हा चादर आईनेच काढली. ते दार उचलणार, तोच ती म्हणाली, "थांबा जरा." ती वाकली. बोट न लावता, अगदी जवळून, तिने आतली कडी पाहिली. मग बाहेरच्या बाजूला जाऊन बाहेरची. पुन्हा आतली. पोलीस एकमेकांकडे पाहू लागले. आई बाजूला झाली आणि खुर्चीचा हात धरून खाली बसली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी थोरली निघाली तर आई पर्स घेऊन जिन्यात उभी.

"अगं, आत एकालाच सोडतात."

"मी बाहेर बसेन."

काचेपलीकडे धाकट्याने फोन कानाला लावला. थोरलीने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत असावी.

"सुट्टीनंतर म्हणजे कधी?"

"सांगत नाहीत."

तो हसल्यासारखा झाला.

"आई बाहेर बसलीये," थोरली म्हणाली. "शिपायाला विचारलंय मी. शेवटची पाच मिनिटं तिला सोडेल."

धाकट्याने फोन या कानावरून त्या कानाला नेला. गालावरून हात फिरवला.

"आज नको, ताई. दाढी वाढलीये."

"तिला काय फरक पडतो त्याने?"

"पुढच्या वेळी. नीट होऊन येतो."

थोरली बाहेर आली. आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिने दोन्ही हातांनी केस मागे सारले.

"जाऊ?"

"पुढच्या वेळी म्हणाला."

थोरलीने तिला उठवायला हात पुढे केला.

"तू रिक्षा बघ," आई म्हणाली. "मी बसते जरा इथे."