फुकटच्या परीक्षेले चारोळी

फुकट म्हटलं का लोकायले वाटते, सोपं असन. बाप्पा, येऊन पाहा म्हणाव एकदा.

मी रंजीता. कुरखेड्यात कॉम्प्युटरच्या दुकानात लोकायचे ऑनलाइन फारम भरून देते. दुकानातून सुटली का फोनवर व्हिडिओ पाहू पाहू नेटवर्किंग शिकली, पुरं एकटीनं. एखादी गोष्ट समजली तरी सांगाव कोणाले? आईले सांगतलं का ते "बरं झालं" म्हणे आन् चुलीत लाकूड सारे. गावात या विषयावर बोलाले एक माणूस नाई. चंद्रपूरच्या एका कंपनीवाल्यायनं सांगतलं होतं, सर्टिफिकेट आण, नोकरी देतो. खरं सांगू, मले नोकरीपेक्षा तिथली माणसं पायजे होती. पण परीक्षेची फी आपल्या आवाक्याची नाई. मंग समजलं, चंद्रपूरले नेटवर्किंगवाल्यायची कॉन्फरन्स आहे आन् तिथी येणाऱ्याले परीक्षा फुकट.

हे ऐकून आईचं तोंडच उतरलं. आमच्यात कोणाचं काई असंच घेत नाईत. घेतलं का त्याच्यापुढं काई तरी ठेवाचं, मंग ते आपलं. उन्हाळ्यात जंगलातून चाराची फळं वेचून, बिया फोडून काढलेली चारोळी तिनं पळसाच्या पानात बांधून देली.

"रिकाम्या हातानं घेऊ नको," म्हणे.

हॉलमंदी सारे घोळक्यानं उभे होते. मी चहाचा कप धरून भिंतीले टेकली. मोठा जीव करून एका पोरीजवळ गेली, त तिनं मलेच विचारलं, इथी झाडू कोण मारते, चहा सांडला म्हणे. असा राग आला! पण कोणावर काढाव?

मंग स्टेजवर वाद रंगला, अशा परीक्षा फुकट असाव्या का नाई. पुण्याचे एक सर बोलले, "फुकट नकोच. घेणाऱ्यानं काहीतरी द्यायलाच हवं. तरच ती त्याला आपली वाटते."

मी त खुर्चीतच सरकून बसली. अरे, हे त मायी आईच बोलून राह्यली! साऱ्या दिवसात पहिल्यांदा मले वाटलं, आपण आपल्या माणसायत आहो.

परीक्षेच्या खोलीच्या दारावर टेबल टाकून तेच सर ओळखपत्र पाहत होते. मी पुडा त्यायच्यापुढं ठेवला. "सर, तुमच्यासाठी," म्हटलं. त्यायनं पान उघडून पाहिलं. मंग मायाकडं पाहिलं. मागच्या रांगेत कोणी तरी हासलं.

"परीक्षेआधी हे देताय? याला काय म्हणतात, माहीत आहे ना?" ते हळूच बोलले. "उचला. नाहीतर घरी जा."

सर, तुम्हीच त म्हटलं होतं, एवढंच मले म्हणाचं होतं. आमच्यात देलेलं परत उचललं म्हणजे त्या माणसाशी संबंध तोडला. पण परत असा मौका कुठी भेटणार होता? उचलला पुडा, आन् जाऊन बसली.

पास झाली. स्क्रीनवर नाव आलं तवा बाजूले पाहिलं, कोणाले तरी सांगाव म्हणून. जो तो आपल्या कॉम्प्युटरमंदी. सरायनं मान वर न करताच अभिनंदन म्हटलं आन् पुढच्याले बोलावलं.

परतीच्या बसमंदी पुडा मांडीवर घेऊन बसली. खिडकीतून फेकता आला असता. पण आईनं एकएक दाना फोडला होता, फेकाले हात धजते का माये? मूलचा स्टँड गेला, गडचिरोली गेली, आन् मी एकटी मूठ-मूठ चारोळी खाऊन राह्यली. आरमोरीपर्यंत मळमळाले लागलं, तरी खाल्ली. मंग रिकामं पान बाहेर सोडलं आन् मले असं रडू आलं का बाजूची बाई सरकून बसली.

आई फाट्यावर उभीच होती. पास झाली का, हे तिनं विचारलंच नाई.

"देली का?"

"देली."

"खाल्ली का त्यायनं?"

"हो. सगळी."

आई हासली, मायी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आन् म्हणे, "मंग आता ते तुयं झालं."