अडकलेला अक्रोड

झाड धड उभं नव्हतं आणि धड पडलंही नव्हतं. बुंध्यापासून सुटलेला तो थोराड अक्रोड शेजारच्या झाडाच्या बेचक्यात मान अडकवून तिरका लोंबकळत होता, आणि त्याच्यापायी वाडगेबाईच्या घरात परवापासून कुणाचा पाय एका जागी ठरत नव्हता. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा. पण येरझाऱ्या दहा माणसांच्या.

वाडगेबाई हे काही आडनाव नव्हे. आपल्या छोट्याशा रानातल्या लाकडाचे ती वाडगे, डाव आणि पीठ मळायच्या काथवटी कोरायची, आणि बाजारात सगळे तिला त्याच नावाने हाक मारायचे. नवऱ्यालाही टोपणनाव होतं, ओळंबा. झाड पाडायच्या आधी तो जमिनीवर काठी ठेवून सांगायचा, शेंडा इथे येईल, आणि शेंडा मुकाट तिथे यायचा. कुठलं झाड राखायचं, कुठे विरळणी करायची, कुठल्या कापल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येऊ द्यायचे, हे तो ठरवायचा. पडलेल्या लाकडातून काय निघेल, हे ती. त्यांच्या संसारात एवढी सरळ वाटणी दुसऱ्या कशाचीच झाली नव्हती.

अक्रोडाचा शेंडा वाळत चालला होता. काथवटीसाठी हा अक्रोड तिनेच मागितला होता, आणि ते तिला आता राहून राहून टोचत होतं. पाडताना ओळंब्याचा अंदाज हुकला. पुढची खाच बरोबर, मागचा काप बरोबर, पण वरच्या फांद्यांचा भार कुठल्या अंगाला आहे ते त्याला कळलं नाही. झाड कलंडलं, मध्येच वळलं आणि शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं.

त्यावर सरळ उपाय होता. ओळंब्याच्या पुतण्याकडे ट्रॅक्टर होता, ट्रॅक्टरला विंच होतं. लांब उभं राहून तारेने बुंधा मागे ओढायचा की झाड आपसूक खाली. पण पुतण्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती. कुऱ्हाड कशी धरायची इथपासून सगळं काकाकडे शिकलेल्या त्या गृहस्थाने गेल्या वर्षी लाकडाच्या वखारीत चार लोकांसमोर सांगितलं होतं, काका, आता वरचं तुम्हाला नीट दिसत नाही, मोठं झाड असलं की मला बोलवत जा. बोलला होता मायेनेच. ओळंब्याच्या मात्र ते जिव्हारी लागलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. आता त्यालाच फोन करून काय सांगायचं, की बाबा रे, तू म्हणालास तसंच झालं?

म्हणून ओळंब्याने भलताच बेत केला. अक्रोडाला ज्या झाडाने तोलून धरलं होतं, तेच खालून कापायचं. हे कधी करू नका, असं त्याने आयुष्यभर ज्याला त्याला बजावलं होतं. खालचं झाड सुटलं की दोन्ही एकदम येतात, आणि कापणारा नेमका त्यांच्याखाली असतो. शिकत असताना पुतण्या एकदा अशा झाडाखालून नुसता चालत गेला, तर काकाने कितीतरी दिवस त्याला करवतीला हात लावू दिला नव्हता. वाडगेबाईने त्याची आठवण करून दिली. नवरा म्हणाला, ते शिकाऊ लोकांसाठी असतं.

आज सकाळपासून ती कोरायला बसत होती आणि उठत होती. डावाची दांडी तासताना वाकस नको तिथे लागली आणि दांडी फुकट गेली. दुसरा ठोकळा घेतला, तो नुसताच हातात फिरवून ठेवून दिला. जरा वारा सुटला की रानातून करकर ऐकू यायची, आणि हातातलं टाकून ती दाराशी यायची. बाहेर नवरा मोटारीच्या करवतीची साखळी कानशीने घासत बसला होता. ती साखळी कालच घासून झाली होती. म्हणजे त्याचंही धाडस होत नाही, हे तिला कळत होतं, आणि तो वारा पडायची वाट बघतोय हेही कळत होतं. तिचं भांडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. पुतण्याला चोरून फोन करावा असं कितीदा तरी मनात आलं. पण तो ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला असता, तर या माणसाने मुद्दाम त्याच्यादेखत झाडाखाली जाऊन दाखवलं असतं. हा स्वभाव तिला नवा नव्हता.

दुपारी वारा पडला. कानशीचा आवाजही थांबला. पाणी पिऊन निघतो, असं म्हणून ओळंबा आत गेला, आणि वाडगेबाई मागच्या वाटेने रानात शिरली. आपण काय करणार आहोत, हे तिलाही धड ठाऊक नव्हतं. अक्रोडाशी पोचल्यावर मात्र ती थांबली नाही. त्या तिरक्या खोडाखालून वाकून ती आत गेली आणि दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, जिथे करवत लागणार होती तिथेच, खाली बसली. वर बघायचा तिला धीर झाला नाही.

करवत घेऊन आलेला ओळंबा तिला बघून जागच्या जागी थिजला.

“ऊठ तिथून,” तो अगदी हळू म्हणाला, मोठ्याने बोललं तरी झाड पडेल असं वाटल्यासारखं.

“का?”

“का म्हणजे? पडेल ते.”

“परवापासून तर पडत नाही म्हणून त्याच्यावर रागावलायत तुम्ही.”

“थट्टा सुचतेय तुला? आधी बाहेर ये.”

“मी इथेच बरी आहे.” तिने पाठ बुंध्याला आणखी घट्ट टेकवली. “तुम्ही तिकडे उभे राहा थोडा वेळ. परवापासून मी तिथेच उभी आहे.”

वर काहीतरी करकरलं. सालीचा भुगा तिच्या मांडीवर पडला. उठून पळावं असं तिला इतकं वाटलं की तिने दोन्ही हातांनी मुळं धरून ठेवली. ओळंब्याच्या हातातून करवत खाली पडली. तो पुढे धावणार तोच ती म्हणाली, आत येऊ नका, आलात तर दोघंही जाऊ. तो थबकला. एकदा तिच्याकडे, एकदा वर, पुन्हा तिच्याकडे बघत राहिला. मग खिशातून फोन काढला. नंबर लावताना दोनदा चुकला.

“मी बोलतोय,” तो म्हणाला. “अक्रोड अडकवून ठेवलाय मी. वरचं दिसलं नाही मला. विंच घेऊन ये.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “मी ठीक आहे. तुझी काकू खाली बसलीय. लवकर ये रे.”

तेवढं ऐकून ती निघाली. हातांवर रांगतच बाहेर आली. तिला वाटलं होतं, आता बोलणी बसतील. पण त्याने तिच्या दंडाला धरून तिला दूर नेलं, झाड कसंही आलं तरी पोचणार नाही इतक्या दूर, आणि दोघं एका ओंडक्यावर बसली. तिथून तिने पहिल्यांदा नीट वर पाहिलं. मग ती त्याला खेटून बसली. ट्रॅक्टरचा आवाज अजून येत नव्हता.

“एवढी झाडं पाडली,” तो म्हणाला, “पण अशी भीती कधी वाटली नव्हती.”

“मला वाटायची,” ती म्हणाली. “दर झाडाला.”