सुटकेच्या प्रवेशातला झगा

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. नाट्यगृहाच्या दाराशी, काचेच्या कपाटात टांगलेला. अंगावर चार हजार चंदेरी मणी होते. आता किती उरलेत ते विचारू नका, बगलेत तर टक्कलच पडलं आहे.

माझा जन्म एका संगीत नाटकासाठी झाला. नाटकातली बाई तीन नवऱ्यांना विष घालते, पकडली जाते आणि तुरुंगात बसल्या बसल्या इतकी प्रसिद्ध होते की काड्यापेटीवर तिचं चित्र छापलं जातं. शेवटी कोर्ट तिला सोडतं. त्या सुटकेच्या गाण्यात ती मला घालून पायऱ्या उतरते. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत. हीच माणसं घरी जाऊन दाराला दोन-दोन कुलपं लावत असतील!

मला शिवलं कपडेपट सांभाळणाऱ्या मावशीने. ती साऱ्या मंडळीची मावशी, पण सख्खी एकीचीच. ती भाची आमच्या नाटकात बदली नटी होती. नायिका आजारी पडली तर उभं राहायचं, म्हणून सगळी गाणी, सगळे संवाद तोंडपाठ. पण आठ वर्षांत नायिकेला साधी शिंकही आली नाही. मंडळी भाचीला 'राखीव' म्हणत.

"काय राखीव, आज तरी बाईंना ताप?"

"ताप मलाच येतोय, वाट बघून बघून," ती हसून म्हणे.

नायिका काडीसारखी, भाची अंगाने भरलेली. म्हणून मावशीने माझ्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत चार-चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. तासाभरात उसवून मी भाचीच्या मापाचा झालो असतो.

एका दुपारी नायिका आरशासमोर वळून वळून बघत म्हणाली, "मावशी, कमरेत जाड दिसते मी. आतलं ते गाठोडं कापून टाक."

"बाई, ते पोरीसाठी ठेवलंय..."

"आठ वर्षांत मी एक तरी प्रयोग चुकवलाय? मग ते कापड कशाची वाट बघतंय? माझ्या मरणाची?"

मावशीने कात्री घेतली. बाईंना कसली धाड भरते, असं तिने मनाला समजावलं. भाचीला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात जिन्यावर नायिकेचा पाय मोडला. प्रयोगाला दोन तास होते. व्यवस्थापक धापा टाकत आला. "राखीव, ऊठ! आज तू!"

भाची एकाच वेळी रडली आणि हसली. मावशीने मला तिच्या डोक्यावरून घातलं. मी छातीपाशी अडकलो.

"उसव ना मावशी, लवकर!"

मावशीने कात्रीला हात लावला नाही. भाचीने मला काढलं, उलटं केलं, शिवण पाहिली.

"कापलंस?"

"बाईंनी सांगितलं गं."

"आणि मला कोण सांगणार होतं?"

मावशीने दुसऱ्या झग्याचं नाव काढताच व्यवस्थापक उखडला. "बाहेर जाहिरातीवर हाच आहे. लोक हा बघायला येतात!" त्याने कोरसमधल्या मुलींवर नजर फिरवली आणि एका सडपातळ मुलीला पुढे ओढलं. मी तिला नेमका बसलो. तिला गाणी येत होती, संवाद येत नव्हते. "राखीव विंगेतून सांगेल," तो म्हणाला.

आणि तिने सांगितले, मित्रांनो. एकही शब्द न चुकता. ती मुलगी अडखळली की पडद्याआडून भाचीचा स्वच्छ आवाज येई. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या मुलीचा फोटो होता. भाची पुन्हा आली नाही, नाटकातही नाही आणि मावशीच्या घरीही नाही.

मला जपा, असं मी सांगणार नाही. मला काच आहे, डांबराच्या गोळ्या आहेत. पण कोणाच्या वाट्याचं काही तुमच्या हाती असेल आणि कोणी म्हणालं की काप, तर कात्री उचलण्याआधी त्या माणसाला एकदा हाक मारा. त्या दुपारी मावशीला एवढंच करायचं होतं. भाची शेजारच्याच खोलीत सुटकेचं गाणं घोकत बसली होती. भिंतीतून मावशीला, बाईंना आणि मलाही ते ऐकू येत होतं.