तो पास झाला

"बाई! व्हेनेताबाई! आहे तशा चला, इंग्लंडचा फोन आलाय!"

सेव्दा फाटकातूनच ओरडत होती. हात पिठाने माखलेले, डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला. व्हेनेताबाई अंगणात लाल मिरच्या भाजत होत्या. हातातला चिमटा तिथेच टाकून त्या रस्ता ओलांडून तिच्या मागे धावल्या.

"ल्युबेन बोलतोय का?"

"तो नाही हो. त्याची घरमालकीण आहे, ती म्हातारी. मी आपली 'ल्युबेन, ल्युबेन' करतेय, आणि तीपण 'ल्युबेन, ल्युबेन' करतेय. पुढचं काय ते तिचं तिला ठाऊक. आज परीक्षा ना पोराची!"

परीक्षेचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. सेव्दाचा पोरगा ल्युबेन इंग्लंडात कोबीच्या शेतांवर राबत होता आणि त्या गुरुवारी ट्रकच्या परवान्यासाठी त्याची परीक्षा होती. परवाना हातात आला की चिखलातून सुटका. सकाळीच सेव्दाने आमच्या रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर पाणी ओतलं होतं, पोराचं काम तसंच सरळ वाहत जावं म्हणून.

घरात आपोस्तोल, तिचा नवरा, रिसीव्हर धरून उभा होता. तापलेलं भांडं धरावं तसा, अंगापासून लांब. बाईंना पाहून त्याने तो घाईघाईने त्यांच्या हातात दिला.

पलीकडचा आवाज घोगरा होता, नाक चोंदल्यासारखा. सर्दी झालेली दिसते, बाईंच्या मनात आलं. म्हातारी भरभर बोलत होती आणि तिचे शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होते. बाईंचं इंग्रजी शाळेच्या कॅसेटवरचं. तिथली माणसं एकेक शब्द धुऊन पुसून पुढे ठेवायची. खऱ्याखुऱ्या इंग्रज माणसाशी त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या. बरंच काही डोक्यावरून गेलं, आणि मग एक वाक्य लख्ख ऐकू आलं.

"ही पास्ड, लव्ह. धिस मॉर्निंग."

"पास्ड?" बाईंनी खात्री करून घेतली. "ल्युबेन पास्ड?"

"येस, लव्ह." मग जरा थांबून, "ही वॉज अ लव्हली बॉय."

वॉज. होता. हा शब्द बाईंना खटकला. इथे 'इज' पाहिजे. पण खेड्यातली साधी बाई, व्याकरणात घसरली असेल, असं म्हणून त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करून टाकलं. आयुष्यभर त्या दुसऱ्यांची वाक्यंच तर दुरुस्त करत आल्या होत्या. शिवाय लव्ह म्हणजे प्रेम. अनोळखी बाई इतक्या प्रेमाने हाक मारते, म्हणजे पोराने तिलाही किती लळा लावला असेल!

"थँक यू! थँक यू!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "वी आर व्हेरी हॅपी! ऑल व्हेरी हॅपी!"

पलीकडे काहीच ऐकू येईना. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

"पास झाला!" बाईंनी सेव्दाला मिठी मारली. "सकाळीच झाला!"

व्हेनेताबाई मुळात रशियनच्या शिक्षिका. कम्युनिस्ट राजवट गेली आणि रशियन कोणाला नको झालं, तेव्हा सरकारने त्यांना उन्हाळाभराचा वर्ग करायला लावून इंग्रजीच्या शिक्षिका केलं. पन्नाशीला टेकलेल्या बाई क्युस्तेंदिल शहरातल्या एका उकडत्या खोलीत पाठांतर करत बसायच्या. शब्द आणि अर्थ, शब्द आणि अर्थ. एका शब्दाला एक अर्थ, म्हणजे मुलांचा गोंधळ होत नाही. त्याच रीतीने त्यांनी आमच्या गावाला इंग्रजी शिकवलं, आणि त्या तेवढ्या इंग्रजीवर आमची पोरं विमानात बसली. ल्युबेन त्यांच्या हाताखालचाच. त्यामुळे त्या दिवशी त्यांना वाटलेला अभिमान निम्मा आईचा होता.

दुपारपर्यंत आपोस्तोलने दोन कोंबड्या कापल्या. तळघरातून जुनी राकिया, फळांची कडक दारू, वर आली. शेजारीपाजारी जमले, कोणीतरी अकॉर्डियन आणलं. बाईंना टेबलाच्या मानाच्या जागी बसवलं होतं.

"ही बाई नसती तर माझं पोर आजही चेरीच्या झाडावर चढलेलं असतं!" आपोस्तोल पेला उंचावून म्हणाला.

"चेरीच्या झाडावर काय वाईट होतं?" एका शेजाऱ्याने चिमटा काढला.

"काही नाही. पण झाड चालवत चालवत घरी नेता येत नाही ना!"

सगळे हसले. आपोस्तोल तसा मितभाषी, लाजरा माणूस. लग्नातही त्याला ओढून न्यावं लागायचं. त्या दिवशी तो आपणहून होरो नाचाच्या साखळीच्या अग्रभागी गेला आणि हातातला रुमाल फिरवत नाचला. टाच आपटून, उडी मारून. सेव्दा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "मेला, माझ्या लग्नात असा नाचला नव्हता," ती बाईंना म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा सरपंच मेतोदी फाटकाशी येऊन उभे राहिले. आत येईनात.

"या की सरपंच!" आपोस्तोल घाम पुसत ओरडला. "पोरगं पास झालं आमचं! घ्या, हा तुमचा पेला!"

मेतोदींनी टोपी काढली. पेला घेतला नाही. या माणसाला बातमी कळून वेड लागलंय की काय, असे ते त्याच्याकडे बघत होते.

"आपोस्तोल, जरा बाजूला ये."

"बाजूला कशाला? आज काय चोरून बोलायचंय?"

"वकिलातीतून कळवलंय. ल्युबेनचं."

"आता परवाना वकिलात देते होय?" कोणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसली.

मेतोदी वाकले आणि त्याच्या कानाशी बोलले. फार बोलले नाहीत. परीक्षेला निघालेला ल्युबेन सायकलवरून बसथांब्याकडे जात होता. धुकं होतं. मागून येणाऱ्या गाडीला तो दिसला नाही. कानोकानी बातमी टेबलाभोवती फिरली. अकॉर्डियनवाला पाठमोरा बसला होता, त्याला सगळ्यात शेवटी समजलं. तोवर तो वाजवतच होता.

सेव्दाने नवऱ्याकडे पाहिलं नाही, सरपंचांकडेही नाही. ती बाईंपाशी आली.

"बाई, हे काय म्हणतायत? तुम्ही बोललात ना तिच्याशी? सांगा यांना. पास झालाय म्हणून सांगा."

व्हेनेताबाईंना तेव्हा पुन्हा तो घोगरा आवाज ऐकू आला. ही वॉज. होता.

शवपेटी यायला बरेच दिवस लागले. दफन झालं, दारावर काळं फडकं आणि गेल्याची बातमी देणारा फोटोचा कागद लागला. त्या सगळ्यात आपोस्तोल एकच वाक्य बोलला, तेही पाद्रीबुवांशी. "तो तिकडं तसा पडला होता, आणि मी इकडं नाचत होतो." नंतर बाई समोर आल्या की तो बाजूने निघून जायचा. शिवी नाही, आरोप नाही. रस्त्यातला खांब टाळावा तसा टाळायचा.

बाईंनी क्युस्तेंदिलहून जाडजूड शब्दकोश आणला. 'पास' हा शब्द त्यात पानभर पसरला होता. परीक्षा पार करणं, चेंडू देणं, जेवताना मीठ पुढे सरकवणं, डोंगरातली खिंड, वेळ निघून जाणं. मागे 'आउट' लावलं की शुद्ध हरपणं, 'अवे' लावलं की मरणं. आणि तळाशी, बोलीभाषेत, काहीच न लावता, नुसतंच मरणं. असे किती शब्द! गेट, पुट, रन, ब्रेक. पोरासोरांच्या तोंडातले चिल्लर शब्द, म्हणून त्या ते भराभर ओलांडून लांबलचक, अवघड शब्दांकडे जायच्या. आणि इंग्रजांचं सगळं जगणं-मरणं तर या चिल्लरीवरच चाललेलं.

वर्गात त्या हे शब्द शिकवू लागल्या. "बाई, त्यांच्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का?" एक मुलगी म्हणाली. "एकच बैल सगळ्या गाड्यांना!" वर्ग हसला. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिल्या.

पण मनाला लागलं होतं ते निराळंच. आमच्या भाषेतही मेलेल्या माणसाला 'गेला' म्हणतात. तो बाजारात गेला की कायमचा गेला, हे ऐकणाऱ्याला कोश न उघडता कळतं. आवाजावरून कळतं. तो आवाज त्यांनीही ऐकला होता, आणि त्याला सर्दी म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

हिवाळ्यात सेव्दा त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कॉफी निवली तरी प्यायली नाही.

"बाई, त्या दिवशी ती बाई बरंच बोलली. तुम्ही एकच सांगितलंत. बाकीचं काय होतं?"

"मला कळलं नव्हतं गं."

"काहीतरी आठवत असेल."

"अंड्यांचं काहीतरी होतं. अंडी ठेवून दिली, असं काहीसं."

"कोणी? ल्युबेननं?" सेव्दा पुढे सरकली. "विचारा ना तिला. अंड्यांचं काय ते विचारा. तुमच्याशिवाय मी कोणाला सांगू?"

बाईंना वाटलं होतं, ही कधीतरी आपल्याला बोल लावेल, आणि मग आपल्याला रडता तरी येईल. तिने पुन्हा तेच काम त्यांच्या हातात दिलं होतं.

आठवडाभर त्या वाक्यं जुळवत होत्या. मग एका दुपारी नंबर फिरवला. म्हातारीचं नाव डोरीन. बाईंनी चूक सांगितली, माफी मागितली, आणि सावकाश बोला म्हणून विनंती केली.

"मला वाटलं, तुमच्याकडे अशीच रीत असेल," डोरीन म्हणाली. "माणूस देवाघरी गेला की आनंद मानायचा. मी चर्चमध्येसुद्धा विचारलं, असं असतं का म्हणून. मला फार दिवस झोप नव्हती हो."

बाईंनी अंड्यांचं विचारलं. डोरीनने तेच शब्द पुन्हा उच्चारले. पुट अवे. पुट म्हणजे ठेवणं, अवे म्हणजे दूर, आणि दोन्ही मिळून, चापून खाणं. निघण्याआधी ल्युबेनने अंडी चापून खाल्ली होती. बटाट्यांसकट. ताट पावाने पुसून घेतलं होतं, आणि परीक्षेच्या दिवशी एवढं खातोस, असं डोरीनने विचारल्यावर म्हणाला होता, माझी आई उपाशी पोटी कोणाला घराबाहेर सोडत नाही.

त्याच पावली बाई रस्ता ओलांडून गेल्या. सेव्दा अंगणात लोकर उकलत बसली होती. मागच्या चेरीच्या झाडावर आपोस्तोल वाळक्या फांद्या करवतीने कापत होता. बाई उभ्यानेच बोलल्या. शब्दन् शब्द सांगितला, या खेपेस काहीही दुरुस्त न करता.

सेव्दा बराच वेळ लोकर बोटांना गुंडाळत राहिली.

"तळलेली होती का उकडलेली?"

"तळलेली."

"हां." ती मान हलवत म्हणाली. "उकडलेली त्याला जात नाहीत."

तिने लोकर बाजूला ठेवली आणि डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावत ती आत गेली. बाई जायला वळल्या. झाडावरचा आवाज केव्हाच बंद झाला होता. आपोस्तोलने खाली पाहिलं नाही. बाई फाटकाबाहेर येऊन थोड्या रेंगाळल्या, करवत पुन्हा सुरू व्हायची वाट बघत. फांदी अर्धी कापलेली होती, आणि तो करवत मांडीवर आडवी ठेवून तसाच वर बसून राहिला होता.