विठोजीच्या वहीतली कंबर

माझा धाकटा भाऊ रत्नाकर अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेला. त्याच्या कपाटात तीन डॉक्टरांचे कागद सापडले. प्रत्येकावर ‘किंचित जास्त’ एवढाच शेरा. पुढच्याच वर्षी, नव्व्याण्णव साली, तसेच तीन कागद माझ्याकडे जमले. उपाशीपोटी साखर एकशे अठरा, वरचा रक्तदाब एकशे चव्वेचाळीस, रक्तातली चरबी एकशे नव्वद. याला अजून रोग म्हणता येणार नाही, असं तिघांनीही सांगितलं. मग काय म्हणायचं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. घरी येऊन स्वतःवरच चिडत बसलो.

चौथ्या डॉक्टर क्षमा. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. सुटे पाहिले तर काठावरचे आकडे, एकत्र पाहिले तर एकच दुखणं, असं त्या म्हणाल्या. फक्त पोटाचा घेर पाहायचा राहिला होता. मी शर्ट वर करून भिंतीकडे पाहत उभा राहिलो. टेप एकोणचाळीस इंच दाखवत होती.

“चूक आहे,” मी म्हणालो. “माझी कंबर पहिल्यापासून चौतीस.” एवढं ठाम मी सहसा बोलत नाही.

“शिंप्याकडून खात्री करून या. तुम्हालाच पटलं नाही तर पथ्य कसं पाळाल?”

तडक चिकपेट बाजारातलं आमच्या शिंप्याचं दुकान गाठलं. विठोजी पंचवीस वर्षं आम्हा भावांचे कपडे शिवतो. दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून हळूच विचारलं. त्यानं मापांची वही पुढे सरकवली. शहाऐंशी साली चौतीस. मग छत्तीस, साडेसदतीस, एकोणचाळीस.

“मला तर दर वेळी चौतीस सांगत होतास.”

“अण्णा, माप घेताना तुम्ही डोळे मिटून घेता. चार माणसांत खरं कसं बोलू? तोंडानं चौतीस, वहीत खरं. पँट कधी घट्ट झाली का?”

नव्हती झाली. राग कुणावर काढावा, तेच कळेना. पुढचंच पान रत्नाकरचं होतं. शेवटचं माप चाळीस. त्याला तोंडानं किती सांगत होतास, हे मला विचारवेना.

“पुन्हा माप घे,” मी म्हणालो, “आणि मोठ्यानं सांग.”

विठोजी घुटमळला. मी डोळे उघडे ठेवले.

“एकोणचाळीस,” तो म्हणाला.

कापड पाहणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं. कान तापले होते, तरी मी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि आकडा लिहून घेतला.