अर्धं गाऱ्हाणं

“ह्यो शब्द काढ,” भाईंनी मानपत्राच्या मसुद्यावर बोट टेकवलं.

शब्द होता ‘वादग्रस्त’. ‘भारतीय महिला बास्केटबॉल संघाचे वादग्रस्त पण थोर प्रशिक्षक’ असं वाक्य सारिकाने विचार करून लिहिलं होतं. भाई गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आणि पेशाने आंबा बागायतदार. पेटीत डागी फळ खाली घालायचं असतं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ‘वादग्रस्त’ खोडून ‘विश्वविख्यात’ लिहिलं, ते त्याच जागेत मावलं, आणि समाधानाने ते ओरोसच्या जिल्हा कचेरीतून बाहेर पडले. सारिका आवक-जावकच्या टेबलावर एकटी उरली. खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेल्या या टेबलावर तिची तेरा वर्षं गेली होती. येणाऱ्या कागदावर एक शिक्का, जाणाऱ्यावर दुसरा.

मानपत्र तिनेच लिहायचं आणि तिनेच वाचायचं होतं. दत्ताराम सरांच्या हाताखाली देशासाठी खेळलेली जिल्ह्यातली ती एकटीच. तसं मंडळाला सत्कारासाठी मालिकेतला एक नट हवा होता. त्याला ऐनवेळी चित्रीकरण निघालं, तेव्हा कुणाला तरी सर आठवले.

सर वादग्रस्त होतेच. शिबिरात पहिल्या दिवशी मुलींचे फोन ते बादलीत गोळा करायचे. चार मिनिटं उशिरा आलेल्या कर्णधाराला त्यांनी सामनाभर बाकावर बसवलं होतं. पत्रकारांशी बोलताना तोंड मैदानाकडे असायचं. यातल्या एकाही गोष्टीवरून त्यांचं पद गेलं नाही. ते गेलं एका शब्दावरून.

घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. इथे कोकणात गाऱ्हाणं घालायचं ते देवाला. कार्य काढण्याआधी एकजण मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सर प्रत्येक सामन्याआधी संघाला गोल उभं करून गाऱ्हाणं घालायचे. केरळच्या, पंजाबच्या, छत्तीसगडच्या मुली आपापल्या सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायच्या. कळायचं कुणालाच नाही. सामने मात्र जिंकत होत्या.

कळायचं ते फक्त सारिकाला. त्यामुळे एका सकाळी सर जेव्हा म्हणाले, “ह्या सारिकाच्या पायातलो माज उतरव रे म्हाराजा,” आणि अकरा मुलींनी एकमुखाने त्याला दुजोरा दिला, तेव्हा अपमान झाला तो एकटीचाच, आणि पूर्ण झाला. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. या वयात माज उतरवायला देवही लागत नाही आणि उतरवलेला आवडतही नाही.

ते गाऱ्हाणं संघातून वगळलेल्या एका मुलीने फोनवर टिपून घेतलं होतं. बादलीत न गेलेला तेवढाच एक फोन. प्रशिक्षक मंत्र म्हणून खेळाडूंना शाप देतात, अशी तक्रार दिल्लीला गेली. तिघांची चौकशी समिती बसली. तिघांनाही मालवणी येत नव्हती, म्हणून सारिकाला बोलावलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, अध्यक्षांनी विचारलं.

“शिकायत,” ती म्हणाली. कुठल्याही शब्दकोशाने तिची बाजू घेतली असती.

मग तिने माजाचं वाक्य हिंदीत करून सांगितलं. पुढे काही आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. पुढे होतं.

“बस, इतना ही,” ती म्हणाली.

सर समोरच बसले होते. त्यांना काही सांगायचंय का, असं विचारल्यावर त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ‘नहीं’ म्हणाले.

सर घरी आले. संघ नव्या प्रशिक्षकासोबत परदेशी जाऊन सातवा आला. सारिका सगळे सामने खेळली आणि वर्षभराने खेळ सोडून शिक्के मारू लागली. इकडे गावात सरांचा भाव वाढला, कारण गाऱ्हाण्यावर संघ जिंकवणारा माणूस आपल्यातलाच निघाला होता. घरभरणीला, बारशाला, नव्या होडीला लोक त्यांना बोलवायला यायचे. सर सांगायचे, “घसो बसलो आसा.” चौदा वर्षं तो बसलेलाच होता.

सत्कार रविवारी दुपारी मसुऱ्याजवळच्या एका शाळेत झाला. फलकावर सरांच्या फोटोमागे व्हॉलीबॉलची जाळी होती. एका वक्त्याने सरांनी कबड्डी सातासमुद्रापार नेल्याबद्दल त्यांचे आभार मानले. सर पांढऱ्या शर्टात, पाठ ताठ ठेवून, हे सारं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा थाटात ऐकत होते. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, यशोदाकाकू, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या.

सारिकाने ‘विश्वविख्यात’सकट मानपत्र वाचलं. कागद घडी करून ठेवला. माइक मात्र सोडला नाही.

“माका आणखी एक सांगूचां आसा,” ती म्हणाली. “त्या गाऱ्हाण्यात पुढे सर म्हणालेले, ह्यां चेडू माझ्यापेक्षा मोठां होवंदे, माझां नाव इसारलां तरी चलात. ह्यां मी समितीक सांगूकच नाय. अर्धांच सांगलंय. सरांचां पद माझ्यामुळे गेलां.”

ती थांबली. भाषणाच्या शेवटी थांबलं की टाळ्या वाजवायच्या असतात हे भाईंना माहीत होतं. त्यांनी सुरुवात केली आणि सगळ्या मंडपाने त्यांना साथ दिली. चेडू, म्हणजे हाताखालची पोर, गुरूपेक्षा मोठं व्हावं, हे वाक्य तर फारच आवडलं. शिष्येच्या या नम्रपणाबद्दल सूत्रसंचालकाने तिचं कौतुक केलं आणि अल्पोपाहार घेऊन जाण्याची विनंती केली. चौदा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आभारप्रदर्शनात जमा झाली.

खुर्च्या उचलायला लागले तेव्हा सर मैदानाच्या कडेला, सत्काराचा नारळ हातात धरून बसले होते. सारिका त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. ‘सर, माका माफ’ एवढं तिने म्हटलं आणि सरांनी तिला हातानेच थांबवलं.

“त्या स्पर्धेतलो शेवटचो सामनो मी बघितलंय,” ते म्हणाले. “कणकवलीक जावन, कॅफेत, कंप्युटरार. डाव्या हातान टाकलंस तो बॉल बरो होतो.”

तिला तो चेंडू आठवत होता. त्याबद्दल तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

“तुमी त्या दिवशी काय बोलाक नाय कित्याक, सर?”

“मी तोंड उघडलां असतां, तर तुझां नाव कटलां असतां. तुका खेळाक व्हयां होतां.” मग त्यांनी मान वर केली. स्वर जुना, सरावातला. “मगे खेळ सोडलंस कित्याक गो?”

माफीची वाक्यं तिने चौदा वर्षं घोकली होती. त्यांत हा प्रश्न कुठेच नव्हता. नोकरी, लग्न, गुडघा, अशी तीन कारणं तिला लगेच सुचली. तिन्ही खरी होती, आणि एकही त्यांच्यापुढे काढण्याजोगं नव्हतं.

सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बास्केटबॉलमध्ये टाइम-आउट मिनिटभराचा असतो. तेवढा त्यांनी तिला पुरता दिला. यशोदाकाकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मिनिट भरल्यावर ते उठले, नारळ काकूंच्या पिशवीत ठेवला, पिशवी आपल्या हातात घेतली आणि शेताच्या बांधावरून घराकडे चालू लागले.