तीनची बोट

कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून बत्तीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे मागून 'पावतीकाका' म्हणत. सहीशिवाय त्यांनी एक स्क्रूसुद्धा कधी खिडकीबाहेर जाऊ दिला नव्हता. आपलं हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून ते आवडायचंही. कुणाचं एक पैशाचं घेणं नाही की देणं नाही, असं ते अभिमानाने सांगत. काकू प्रसूतिगृहात नर्स होत्या. त्या असं काही सांगत नसत, कारण सांगायची पाळी यायच्या आधीच पावतीकाकांनी सांगून झालेलं असे.

दोघं निवृत्त झाल्यावर परदेशी जायचं ठरलं, ते काकूंच्या हट्टावरून. आयुष्यात त्यांनी केलेला हा एकच हट्ट. नर्सिंगच्या शिक्षणाच्या वेळी वसतिगृहात त्यांच्या खोलीत एक मैत्रीण होती. अंगाने एवढीशी, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. ती नोकरीसाठी परदेशी गेली, तिथल्याच एका कोळ्याशी लग्न करून एका छोट्या बेटावर राहिली, आणि पुढे नवरा गेला तरी परत आली नाही. आता तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली होती. "मी काही येऊ शकत नाही, तूच ये," असं ती फोनवर दोन वर्षं सांगत होती.

निघायच्या आधी बँकेत काम करणारी भाची घरी येऊन सगळं समजावून गेली. दोन कार्डं न्या, दोन वेगळ्या खिशांत ठेवा, उतरल्या उतरल्या थोडी रोख काढून घ्या. पावतीकाकांनी मान डोलावली. भाची जिन्याच्या खाली पोचते न पोचते तोच त्यांनी काकूंचं कार्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन कार्डं म्हणजे हरवायच्या दोन वस्तू, असा त्यांचा हिशेब. काकू म्हणाल्या, असू दे की माझ्या पर्समध्ये, खायला का मागतंय ते? पण किल्ली काकांच्या जानव्याला होती, आणि तो विषय तिथेच संपला.

विमानतळावर रोख काढायचं मशीन होतं. प्रत्येक वेळी ठरावीक रक्कम कापली जाईल, असं त्यावर लिहिलं होतं. काकांनी ते वाचून पाठ फिरवली. गावात स्वस्त मशीन मिळेल म्हणाले. हॉटेलचे पैसे सकाळच्या खाण्यासकट घरूनच भरलेले होते, त्यामुळे तो शुक्रवार रोखीवाचून निभावला. गावात तीन मशीनं सापडली. काकांनी तिन्हींचे दर चिठ्ठीवर लिहून घेतले आणि उद्या ठरवू म्हणाले.

बेटावर जाणारी बोट शनिवारी दुपारी तीनला होती; तीच रविवारी संध्याकाळी परत यायची. त्यानंतर बेटावर जाणारी थेट बुधवारी, आणि मंगळवारी तर त्यांचं परतीचं विमान. धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत फक्त रोख चालते, असं हॉटेलच्या मालकीणबाईंनी आदल्या दिवशीच बजावून सांगितलं होतं.

शनिवारी साडेबाराला काका मशीनसमोर उभे राहिले. काकू मागे, हातात पिशवी. पिशवीत चिमणीसाठी विणलेला स्वेटर होता. काकांनी कार्ड सरकवलं, आकडे दाबले. मशीनने विचारलं, पैसे आपल्या देशाच्या चलनात कापायचे की इथल्या? काकांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, भिंतीवर टेकवली आणि गुणाकार मांडला.

"अहो, ते काहीतरी वाजतंय," काकू म्हणाल्या.

"थांब गं, हातचा चुकेल."

मशीनने वाट पाहून कार्ड बाहेर काढलं होतं. तेच वाजत होतं. काकांनी हातचा धरला, बेरीज केली, रेघ ओढली, आणि वर पाहिलं तेव्हा कार्ड परत आत जात होतं. त्यांनी बोटं पुढे केली, पण नुसत्या कडेला नखं लागली. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाचं स्वागत करू लागला.

शेजारचं बँकेचं दार बारालाच बंद झालं होतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मशीनवर दोनदा थाप मारली, मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे पाहिलं. मागे काकूच होत्या.

हॉटेलवर मालकीणबाईंनी फोन लावून चौकशी केली. कार्ड सुरक्षित आहे, सोमवारी दहाला बँक उघडली की मिळेल. एवढं कळून काकांचा जीव भांड्यात पडला. पण मालकीणबाईंचा जीव बोटीत अडकला होता. पावणेदोन वाजले होते. त्यांनी टेबलाचा खण उघडला, दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं काढलं आणि नोटा काकांपुढे सरकवल्या. सोमवारी कार्ड मिळेल तेव्हा द्या, असं त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

काकांनी हात मागे घेतला. नको म्हणाले. मालकीणबाईंना वाटलं, यांना समजलं नाही. त्यांनी नोटा उचलून पुन्हा पुढे केल्या, धक्क्याच्या दिशेला बोट दाखवलं, घड्याळ दाखवलं. काकांनी पुन्हा मान हलवली. ओळख ना पाळख, आणि परक्या बाईचे पैसे घ्यायचे? सोमवारी कार्ड मिळालंच नाही तर? बत्तीस वर्षांत जे केलं नाही ते परदेशात येऊन करायचं का? हे सगळं ते मराठीत, काकूंकडे बघत बोलले. काकूंनी हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली. मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खण बंद केला.

काकूंनी हॉटेलच्या फोनवरून चिमणीला कळवलं. काका जिन्याशी उभे राहून ऐकत होते. पलीकडून कोळ्यांच्या बोटींचे भोंगे ऐकू येत होते. चिमणी दीड वाजल्यापासूनच बेटावरच्या धक्क्यावर येऊन बसली होती, शेजाऱ्याच्या गाडीतून, मांडीवर शाल घेऊन. काकू हसून म्हणाल्या, अगं, मशीनने कार्ड गिळलं बघ, काय नशीब. पुढच्या वर्षी नक्की. तीनला बोट सुटल्याचं खोलीच्या खिडकीतून दिसलं. काकांनी पडदा ओढला, ऊन येतंय म्हणून.

रविवार हॉटेलच्या सकाळच्या खाण्यावर आणि घरून आणलेल्या दशम्यांवर निघाला. सोमवारी पासपोर्ट दाखवताच कार्ड दोन मिनिटांत हातात आलं. काकांनी रोख काढली. घ्यायचं काहीच नव्हतं. स्वेटर काकूंनी टपालाने पाठवला.

पाच महिन्यांनी चिमणीच्या शेजाऱ्याचं पत्र आलं. ती झोपेतच गेली होती. शेवटचे दोन महिने तोच स्वेटर अंगात असायचा, असंही त्यात लिहिलं होतं. काकूंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि भाजी चिरायला बसल्या.

त्या दिवसापासून काकांना अन्न गोड लागेना. चूक मशीनची नव्हती, गुणाकाराचीही नव्हती, ती हॉटेलच्या टेबलापाशी झाली होती, हे त्यांना आता कळत होतं. मालकीणबाईंचा हात दोनदा पुढे आला होता. पहिल्यांदा नाही म्हटलं ते सवयीने. दुसऱ्यांदा नाही म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हटलं होतं. गोदामात बसून त्यांनी वस्तू जपल्या होत्या, आणि त्या दुपारी जपण्यासारखं काय होतं हे त्यांना ओळखता आलं नव्हतं. आठवडाभर ते शब्द जुळवत राहिले. शेवटी एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "ते पैसे मी घ्यायला हवे होते."

काकूंनी विळीवरून मान वर केली नाही. "माहीत आहे मला. मी तिथेच होते."

"तू रागावली नाहीस."

"तुमच्यावर कशाला रागावू? नोटा टेबलावर होत्या. मलाही हात होते की. बाई माझ्याकडेही बघत होती." काकूंनी चिरलेली भाजी ताटात सारली. "मी तुमच्या मानेकडे बघत राहिले, ती होकाराची हलते का म्हणून. इतकी वर्षं तेच करत आले, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही. मला माझाच राग येतो."

काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. ते पाट ओढून काकूंसमोर बसले. इतक्या वर्षांत त्या मैत्रिणीचं खरं नावसुद्धा त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बोटीचं भाडं तेवढं विचारलं होतं.

"कशी होती गं ती?" त्यांनी विचारलं.

काकूंनी हात पुसले. आधी वाटलं, त्या उठून जाणार. मग त्या सांगू लागल्या. चिमणी रात्रपाळी करून आली की उभ्या उभ्या झोपायची, भिंतीला टेकून. पहिलं बाळ हातात घेतलं तेव्हा आईच्या आधी तीच रडली होती. तिच्यामुळे एकदा दोघींना मेट्रनसमोर उभं राहावं लागलं, तेही का, तर हसू आवरलं नाही म्हणून. सांगता सांगता काकू मधेच थांबत, डोळ्यांना पदर लावत, आणि पुन्हा सुरू करत. काका ऐकत होते. गॅसवरचं आधण केव्हाच आटलं होतं, पण कुणी उठलं नाही.